पटकी कुणी आणली? हैतीची गोष्ट आणि आपले प्रश्न

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी ‘हैती’ म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, “आपल्या मुलांचा त्या देशाशी काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. मी त्यांना म्हटलं, मला चाळीस मिनिटं द्या, संबंध मुलंच शोधून काढतील. तेव्हा ही जबाबदारी तुमच्यावर आहे, झोपायचं नाही.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. अमेरिकेच्या फ्लोरिडाच्या खाली क्युबा, आणि क्युबाच्या पूर्वेला एक मोठं बेट. त्या बेटाचे दोन तुकडे, पूर्वेला डॉमिनिकन रिपब्लिक, पश्चिमेला हैती. क्षेत्रफळ सुमारे २७,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागापेक्षा जरा लहानच. लोकसंख्या सव्वा कोटीच्या आतबाहेर. पश्चिम गोलार्धातला सगळ्यात गरीब देश अशी त्याची ओळख सांगितली जाते. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. ‘गरीब आहे’ म्हटल्यावर आपण पुढचा प्रश्न विचारायचं सोडून देतो, जणू गरिबी हा डोंगर-नदीसारखा निसर्गाचाच भाग आहे.

माझी आणि हैतीची ओळख जानेवारी २०१० मध्ये झाली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. १२ जानेवारीला दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी तिथे ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स केंद्रापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. बचाव पथकं पोहोचली, पण त्यांच्याकडे शहराचा धड नकाशाच नव्हता. मग ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या खुल्या नकाशावर जगभरातले शेकडो स्वयंसेवक कामाला लागले. उपग्रहाची ताजी छायाचित्रं मोफत उपलब्ध झाली होती, त्यावर बघून आम्ही रस्ते, गल्ल्या, पडलेल्या इमारती, तंबूंच्या वसाहती रेखाटत होतो. हॉस्टेलमधलं नेट सारखं जायचं. मी एकूण किती रस्ते काढले असतील? फार नाही. पण काही आठवड्यांत शहराचा असा नकाशा तयार झाला, जो तिथल्या पथकांनी खरोखर वापरला. दुसरीकडे ४६३६ या क्रमांकावर लोक एसएमएस करत होते, ‘आम्ही इथे अडकलोय’, ‘इथे पाणी नाही’. ते हैतियन क्रेऑल भाषेतले मेसेज परदेशात राहणारे हैतीचे लोक रात्र रात्र जागून भाषांतरित करत होते.

मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. तंत्रज्ञानाने जग बदलतं वगैरे. नऊ महिन्यांनी तो अभिमान उतरला. का, ते सांगतो. पण त्याआधी माझ्या धंद्यातली एक सवय तुमच्यासमोर ठेवतो.

सॉफ्टवेअरच्या कामात एखादी सिस्टीम रात्री दोन वाजता बंद पडते. सकाळी मीटिंग होते. कच्च्या टीममध्ये पहिला प्रश्न असतो, “कुणी केलं?” मग सगळे एकमेकांकडे बघतात, आणि सगळ्यात ज्युनियर पोराच्या गळ्यात घंटा बांधली जाते. पक्क्या टीममध्ये पहिला प्रश्न असतो, “कशामुळे झालं?” आणि मग दुसरा, “हे होऊ शकेल अशी जागा कुणी आणि का शिल्लक ठेवली?” हे प्रश्न लक्षात ठेवा. आज हैती त्यांच्याच चष्म्यातून बघू.

पहिली नोंद भूकंपाचीच बघा. हैतीच्या भूकंपात किती माणसं गेली याचे अंदाज सुमारे एक लाखापासून तीन लाखांवर जातात. पंधरा लाखांच्या आसपास लोक बेघर झाले. त्यानंतर दीड महिन्याने चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. १.८ चा फरक किरकोळ वाटतो, पण त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे पाचशे पट होती. चिलीत मृत्यू झाले पाचशेच्या आसपास. हैतीचं केंद्र राजधानीच्या जवळ होतं आणि उथळ होतं, हे खरंच. तरी एवढा फरक जमिनीने पाडलेला नाही. कच्चे सिमेंटचे ठोकळे, कमी लोखंड, वर जड स्लॅब, बांधकामाचे नियम कागदावरसुद्धा नीट नाहीत, आणि डोंगरउतारावर एकमेकांना चिकटलेली घरं. आपल्याकडे किल्लारीत १९९३ मध्ये मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी माणसं मारली, तसंच हे. भूकंप सगळ्यांना सारखाच हलवतो, पण घर कुणाचं पडणार हे आधीच ठरलेलं असतं.

ते कधी ठरलं? त्यासाठी जरा मागे जाऊ.

अठराव्या शतकात हैती ही फ्रान्सची वसाहत होती, नाव सां-दोमँग. फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी निम्म्याहून जास्त इथून जायची. ही श्रीमंती पिकवत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले सुमारे पाच लाख गुलाम. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. तूसां लुव्हर्त्यूर, त्यांच्यानंतर देसालिन यांनी नेतृत्व केलं. नेपोलियनने फौज पाठवली. त्या फौजेला लोकांनी झुंजवलं आणि पीतज्वराने पोखरलं. तिचा सेनापती लक्लेर स्वतः त्याच तापाने मेला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः लढून गुलामी मोडली आणि आपलं राष्ट्र उभं केलं, असं जगात दुसरं उदाहरण नाही.

इथे मला दर वेळी एक मेसेज येतो. ‘भाई, त्या उठावाचा एक पुढारी बुकमन मुस्लिम होता ना? त्याच्या आधीचा मकांदाल पण?’ पश्चिम आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांमध्ये मुस्लिम होते, ही गोष्ट पक्की आहे. या दोघांबद्दल मात्र इतिहासकारांचं एकमत नाही, पुरावे तोकडे आहेत. आणि खरं सांगू का, ते मुस्लिम निघाले तरच हैतीचं दुःख आपलं होणार असेल, तर आपल्या माणुसकीत काहीतरी कमी आहे. पुढे चलू.

स्वातंत्र्य मिळालं, पण जगाने ते मान्य केलं नाही. अमेरिकेने मान्यता दिली ती थेट १८६२ मध्ये. आणि १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने, दहाव्या चार्ल्सने, युद्धनौका पाठवून मागणी केली : तुमचं स्वातंत्र्य मान्य करतो, पण आमच्या मळेवाल्यांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई द्या, १५ कोटी फ्रँक. त्या ‘नुकसाना’त गुलाम माणसांची किंमतही धरलेली होती. म्हणजे काल ज्याची पाठ सोलली, त्याने आज स्वतःच्या पाठीची किंमत मोजायची. पहिल्या हप्त्यासाठी हैतीने पॅरिसच्या बँकवाल्यांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. त्यातले ६० लाख त्यांनी आधीच कापून घेतले. आपल्या गावच्या सावकाराला ही रीत नवीन नाही. पुढे १८३८ मध्ये रक्कम एकूण ९ कोटींवर आणली गेली, पण ती फेडायला काढलेली कर्जं, त्यावरचं व्याज, आणि ते फेडायला पुन्हा कर्ज, हे चक्र १९४७ पर्यंत चाललं. सव्वाशे वर्षं जो पैसा शाळा, रस्ते, दवाखाने आणि गटारांत जायचा तो बोटीतून बाहेर गेला.

मध्ये १९१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं, आणि १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षं देशच ताब्यात ठेवला. मग १९५७ ते १९८६ दुव्हालिए बाप-लेकांची हुकूमशाही. त्यांचे अत्याचार आणि लूट यांचं पाप मी परक्यांच्या माथी मारणार नाही. हैतीच्या स्वतःच्या सत्ताधाऱ्यांनीही आपल्या लोकांना लुबाडलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एक शेवटचा तुकडा, तांदळाचा. हैतीच्या मध्यातून आर्तिबोनित नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यात भाताची शेती. १९९५ मध्ये बाहेरच्या दबावाखाली आयात तांदळावरची जकात ३ टक्क्यांवर आणली गेली. अमेरिकेचा सरकारी अनुदानावर पोसलेला तांदूळ स्वस्तात येऊन पडला. खोऱ्यातला शेतकरी बसला, त्याची पोरं राजधानीच्या झोपडपट्ट्यांत गेली, त्याच डोंगरउतारांवर, त्याच सिमेंटच्या ठोकळ्यांत. ज्यांच्या कारकिर्दीत हे झालं त्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ही चूक होती असं कबूल केलं. कबुली आली ती भूकंपानंतर.

आता आपण ऑक्टोबर २०१० मध्ये येतो. माझा अभिमान जिथे उतरला तिथे.

आर्तिबोनितच्या वरच्या बाजूला मिरबाले नावाचं गाव आहे. तिथे काम करणाऱ्या क्युबन डॉक्टरांना ऑक्टोबरच्या मध्यात तीव्र जुलाबाचे रुग्ण दिसू लागले. काही दिवसांत नदीच्या खालच्या अंगाला शेकडो माणसं रुग्णालयाच्या दारात. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब. पटकी, म्हणजे कॉलरा. हैतीत किमान शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती. डॉक्टरांनी तो पाहिलेला नव्हता, लोकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. महिन्याभरात तो देशाच्या दहाही विभागांत पोहोचला. २०१९ पर्यंत आठ लाखांहून जास्त लोकांना लागण झाली, आणि सुमारे दहा हजार माणसं गेली.

कॉलऱ्यात माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार संपून. वेळेवर मीठ-साखरेचं पाणी मिळालं, गरज पडली तर सलाइन लावलं, तर शंभरात एकसुद्धा जात नाही. १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित पश्चिम बंगालच्या बनगावला येऊन पडले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाइन संपल्यावर हेच पाणी पिंपातून वाटून हजारो जीव वाचवले. इतका स्वस्त इलाज असलेल्या आजाराने दहा हजार माणसं मरतात, याचा अर्थ त्यांच्यापर्यंत ओआरएसची पुडी, स्वच्छ पाणी आणि दवाखाना, तिन्ही पोहोचले नाहीत.

मग प्रश्न आला, कुणी आणली?

गरीब, घाबरलेल्या माणसाने उत्तर शेजारी शोधलं. हैतीत व्होडू नावाची जुनी श्रद्धा-परंपरा आहे. ‘हे व्होडूचे पुजारी पावडर टाकून आजार पसरवतात’ अशी अफवा उठली. डिसेंबर २०१० पर्यंत किमान ४५ माणसं जमावाने मारली, त्यांत बहुतेक हे पुजारी. ज्यांनी मारलं तेही गरीब, जे मेले तेही गरीब. दोघंही त्याच नदीचं पाणी पीत होते.

खरं उत्तर नदीच्या वरच्या अंगाला होतं. मिरबालेजवळ मेय इथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती. ऑक्टोबरमध्ये तिथे नेपाळहून नवी तुकडी आली होती, आणि नेपाळमध्ये तेव्हा कॉलऱ्याची साथ होती. छावणीतला मैला आर्तिबोनितला मिळणाऱ्या ओढ्यात जात होता. एका अमेरिकी वृत्तसंस्थेचा पत्रकार तिथे जाऊन बघून आला. रेनो पियारू नावाचे फ्रेंच साथरोगतज्ज्ञ हैतीच्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरले. कुठल्या दिवशी, कुठल्या वस्तीत, किती रुग्ण, असा तक्ता त्यांनी मांडला. रेघा जुळवत गेलं की बोट त्या ओढ्यावर येऊन थांबत होतं. पुढे जिवाणूंच्या जनुकीय तपासणीत हैतीचा आणि नेपाळचा नमुना जवळजवळ सारखाच निघाला.

इथे सावध राहा. ‘म्हणजे नेपाळ्यांनी आणली’ असं म्हणून आपण थांबलो, तर पुजाऱ्यांना मारणाऱ्या जमावात आणि आपल्यात फरक तो काय? तो सैनिकही एका गरीब देशातला पोरगा. त्याला कदाचित लक्षणंही नसतील, कॉलऱ्याची लागण झालेल्या अनेकांना ती नसतातच. त्याची तपासणी कुणी केली नाही? छावणीच्या शौचखड्ड्यांचं कंत्राट कुणी दिलं आणि त्यावर देखरेख कुणी ठेवली नाही? आणि एका छावणीची घाण अख्ख्या देशाला पुरली, कारण लोक थेट नदीचं पाणी पीत होते. देशाच्या राजधानीत भुयारी गटार योजना नाही. १९९८ मध्ये पाणी आणि स्वच्छतेसाठी ५ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज आंतर-अमेरिकी विकास बँकेने मंजूर केलं होतं. ते पुढे राजकीय वादात अडकवलं गेलं, नळ आले नाहीत. कॉलरा बाहेरून आला हे खरं, पण त्याच्यासाठी दार उघडं होतं, आणि ते उघडं ठेवण्याला पैशाचा आणि सत्तेचा इतिहास होता.

आता दुसरी बाजू. ‘सिस्टीमचा दोष आहे’ हे वाक्य मोठ्या माणसांना फार आवडतं. सिस्टीमचा दोष म्हटलं की कुणाचाच दोष नाही. संयुक्त राष्ट्रांनी काय केलं? त्यांच्याच तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये पुरावा छावणीकडे बोट दाखवतो असं सांगितलं, पण अनेक कारणं एकत्र आली म्हणून ठपका कुणा एकावर ठेवला नाही. २०१३ मध्ये बळींच्या वतीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल झाला. संयुक्त राष्ट्रांना कायद्याचं संरक्षण आहे या कारणाने तो फेटाळला गेला, अपीलही. शेवटी १ डिसेंबर २०१६ रोजी सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली. सहा वर्षांनी, आणि तीही ‘आम्ही पुरेसं केलं नाही’ एवढ्याच शब्दांत. ४० कोटी डॉलरच्या निधीची घोषणा झाली, देशोदेशींच्या सरकारांनी त्यातला छोटासा हिस्सा भरला.

म्हणून मी म्हणतो, प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘कशामुळे’, पुराव्यानिशी. मग ‘जबाबदार कोण’, पद आणि अधिकार बघून. ज्याच्या हातात अधिकार होता तो जबाबदार. ज्याच्याकडे अधिकारच नव्हता, त्याला धरून मारणं म्हणजे खऱ्या जबाबदाराला सोडून देणं.

हैतीच्या लोकांनी याची दुसरी बाजूही सोसली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एड्स नवा होता. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने धोक्याच्या गटांची यादी केली, त्यात ‘हैतियन’ हाही एक गट टाकला. वागणूक नाही, परिस्थिती नाही, थेट राष्ट्रीयत्व. न्यूयॉर्क, मायामीत लोकांच्या नोकऱ्या गेल्या, पोरांना शाळेत चिडवलं गेलं. पुढे त्यांच्या रक्तदानावर बंदी आली, तेव्हा एप्रिल १९९० मध्ये हजारो हैतियन ब्रुकलिन पूल ओलांडून मोर्चाने आले आणि ती बंदी मागे घ्यायला लावली.

हे ऐकताना तुमच्या चेहऱ्यावर मला २०२० दिसतंय. मार्चमध्ये निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि आठवड्याभरात विषाणूला धर्म मिळाला. भाजीच्या गाडीवाल्याला नाव विचारून हाकललं गेलं. टीव्हीवर जे शब्द वापरले गेले, ते मी इथे उच्चारत नाही. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा अर्थाचं निरीक्षण नोंदवलं. त्या मेळाव्याच्या आयोजकांनी वेळीच विवेक दाखवायला हवा होता का? हो, हे मी इथेही म्हणेन आणि मोहल्ल्यातही म्हणेन. पण आयोजकांची चूक आणि वीस कोटी माणसांचा गुन्हा यांत फरक आहे.

आता जरा आपल्याकडे बोट वळवू. हैतीच्या जमावाने पुजाऱ्यांबद्दलची अफवा मानली. आपण काय मानलं? पोलिओच्या थेंबांनी पोरं होत नाहीत, ही अफवा आपल्याच वस्त्यांमधून फिरली. कोविडच्या लशीबद्दलचे व्हॉट्सअॅप मेसेज आपल्याच मामू-खालूंनी पुढे ढकलले. अफवा मानण्यामागे जुना अविश्वास असतो, हे मला समजतं. ज्या सरकारी गाडीने कधी गटार उपसलं नाही, ती अचानक थेंब द्यायला आली की माणूस बिचकतो. पण अविश्वासाची किंमत सरकारने नाही भरली, त्या लेकराने भरली ज्याचा पाय वाळला. उत्तर प्रदेशात हे बदललं ते मशिदीतल्या घोषणांनी, मौलाना आणि डॉक्टर एकत्र बसल्याने, आणि सगळ्यात जास्त घरोघरी जाणाऱ्या बायकांमुळे. २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला.

हैतीतही जे चाललं, ते असंच चाललं. मध्य पठारावर कांज नावाचं खेडं आहे. १९५० च्या दशकात धरण झालं तेव्हा ज्यांची शेतं बुडाली ते लोक वर माळावर येऊन राहिले. धरणग्रस्त म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगायला नको. तिथे १९८० च्या दशकात डॉ. पॉल फार्मर आणि त्यांच्या हैतियन सोबत्यांनी ‘झांमी लासांते’ ही संस्था उभी केली. क्रेऑलमध्ये अर्थ ‘आरोग्याचे मित्र’. गावातल्याच माणसांना त्यांनी प्रशिक्षण देऊन पगारावर घेतलं. ती माणसं रोज रुग्णाच्या घरी जातात, गोळी घेताना समोर बसतात, घरात चूल पेटली का तेही बघतात. त्यांना म्हणतात ‘सोबत करणारा’. आपल्या जामखेडला आरोळे दांपत्याने खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, त्याच जातीचं हे काम. गरिबांना एचआयव्हीची महागडी औषधं झेपणार नाहीत, घड्याळ नाही म्हणून वेळेवर घेणार नाहीत, असं जगातले मोठे तज्ज्ञ म्हणत होते, तेव्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस कांजने ती देऊन दाखवली. राजधानीत डॉ. जाँ विल्यम पाप यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ‘गेस्किओ’ संस्था त्याच लढाईत होती. ज्या देशाला एड्सचा शिक्का मारला, तिथे एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आलं.

कॉलऱ्याची तोंडाने घ्यायची लस २०१२ मध्ये याच दोन संस्थांनी हैतीत सुमारे एक लाख लोकांना द्यायला घेतली. ती लस बनली होती हैदराबादला. पाण्याचंही एक उदाहरण आहे. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्ट्यांत १९९५ पासून वस्तीच्या पाणी समित्या आहेत, ‘कोमिते दलो’. पाणीखातं मीटर लावून वस्तीच्या तोंडाशी पाणी देतं, समिती नळकोंडाळी चालवते, बादलीमागे थोडे पैसे घेते, बिल भरते, उरलेल्यातून वस्तीचं काम करते. टँकरवाल्याची मक्तेदारी त्यामुळे काही भागांत मोडली.

पण गोष्ट इथे गोड शेवटावर संपत नाही. भूकंपानंतर आलेल्या तातडीच्या मदतीतला एक टक्कासुद्धा हैतीच्या सरकारच्या हातात पडला नाही. सगळं काम परदेशी संस्थांनी आपापल्या पाट्या लावून केलं, त्या गेल्या आणि पाट्या राहिल्या. राज्य पोकळच राहिलं. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची घरात घुसून हत्या झाली. सशस्त्र टोळ्यांनी राजधानीचा बहुतेक भाग घेतला. २०२२ मध्ये त्यांनी मुख्य इंधन साठा रोखला, डिझेल नाही म्हणून पाणीपुरवठा कोलमडला, आणि तीन वर्षांहून जास्त काळ गायब असलेला कॉलरा ऑक्टोबरमध्ये परत आला. त्याच मिरबालेत २०१३ मध्ये झांमी लासांतेने सरकारबरोबर ३०० खाटांचं, सौर विजेवर चालणारं शिकवणारं रुग्णालय उभं केलं होतं. मार्च २०२५ मध्ये टोळ्या मिरबालेवर चालून आल्या आणि एप्रिलमध्ये त्याला दार लावावं लागलं. २०२५ मध्ये तेरा लाखांच्या आसपास माणसं घर सोडून पळालेली होती, आणि जवळजवळ अर्ध्या देशाला पोटभर खायला नव्हतं. डॉक्टर चांगले, लस चांगली, नकाशाही चांगला. पण कायदा राखणारं, कर घेऊन गटार बांधणारं, लोकांना उत्तर देणारं राज्य नसेल तर यातलं काही टिकत नाही.

म्हणून म्हटलं, माझा अभिमान उतरला. मी नकाशावर रस्ते काढले होते. पाण्याच्या आणि मैल्याच्या लाइनी काढायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी काढता आल्या नसत्या, कारण त्या नव्हत्याच. नकाशात जे नाही तेच माणसांना मारून गेलं.

आता तुमच्यासाठी काम. मी भाषण देऊन जाणार, तुम्ही टाळ्या वाजवणार, असं नको. या रविवारी चौघं-पाचजण मिळून आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढा. मोबाइल पुरेसा आहे. सार्वजनिक नळ किती, पाणी किती वाजता येतं, किती वेळ. संडास किती, त्यांतले चालू किती, बायकांचे किती, आत दिवा आहे का. पाण्याची लाइन कुठे गटारातून जाते. दवाखाना किती लांब, तिथे डॉक्टर कधी असतात. सोबत मुलींना घ्या, कारण पाणी भरण्याची आणि संडासाच्या रांगेची खरी माहिती त्यांच्याकडे आहे. आशाताईंना घ्या. शेजारच्या बौद्धवाड्याचा, शेजारच्या चाळीचाही नकाशा काढा, पाइपलाइन कुणाची जात-धर्म विचारून फुटत नाही. मग तो कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात जा, पोचपावती घ्या, आणि एक महिन्याने पुन्हा जा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार आहे.

आणि मोहल्ल्यात पुढच्या वेळी काविळीची किंवा जुलाबाची साथ आली, कुणी म्हणालं की हे त्या परप्रांतीयांनी आणलं, त्या बांगलादेशींनी आणलं, त्या अमुक लोकांनी आणलं, तर तुमच्यातल्या एकाने तरी उभं राहून विचारायचं, “पाणी कुठून येतं, चला बघू.” जे आपल्यावर झालं ते आपण दुसऱ्यावर करणार नाही, एवढी खूणगाठ आज बांधून घेऊ.

जकात आणि सदक्याचा पैसा कुठे जावा हा वाद आपल्याकडे दर रमजानमध्ये होतो. वस्तीत एक चालू नळ आणि एक स्वच्छ संडास यांचाही त्या चर्चेत विचार करा. हौजात वजूला पाणी आहे आणि गल्लीत प्यायला नाही, हे दृश्य मला तरी चांगलं वाटत नाही.

आयोजकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सापडलं असेल तर प्रश्नोत्तरात सांगा. माइक आता तुमच्याकडे.